कुठले मॅक्नील?

अमेरिकेहून परत आलेल्या बाईने नायगारा सांगायचा, असा आमच्या सातारच्या भिशीत अलिखित नियम आहे. माझ्या आधी जाऊन आलेल्या मैत्रिणींनी तो इतका सांगितलाय, की मला तो न बघताही पाठ आहे. मी सांगणार आहे ते नॉर्थ कॅरोलायनातल्या कापसाच्या शेतांमागच्या एका चर्चबद्दल, माझ्या व्याह्यांबद्दल आणि त्यांच्या आडनावाबद्दल. ऐकून फार बरं वाटेल असं नाही. सांगताना मलाही वाटत नाही.

आधी माणसं सांगून टाकते. मी सुनंदा कदम. हायस्कूलला इतिहास शिकवून निवृत्त झाले. हे गेल्यापासून घरात मी एकटीच. मुलगी केतकी व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला असते, आयटीत. तिने इयन मॅक्नीलशी लग्न केलं. पोरगा गुणी, मला ‘आई’ म्हणतो, फक्त त्याच्या ‘आई’तली ई संपता संपत नाही. त्याचे वडील बॉब, म्हणजे माझे व्याही, नॉर्थ कॅरोलायनात एकटे राहतात. विहीणबाई मॅगी गेल्या हिवाळ्यात गेल्या. मला त्यांच्या मयतीला जाता आलं नाही, व्हिसाची तारीखच मिळेना. म्हणून या खेपेला व्याहीबुवांनी बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

अ‍ॅशबर्न

अ‍ॅशबर्नमध्ये माणसांच्या घरांपेक्षा कॉम्प्युटरांची घरं मोठी आहेत. बिनखिडक्यांच्या लांबच लांब इमारती, आणि त्यांची अखंड घरघर. केतकी म्हणते, जगाचं अर्धं इंटरनेट इथून जातं. मला तर त्या आमच्या एमआयडीसीतल्या गोडाउनसारख्याच दिसल्या. पण संध्याकाळी फिरायला निघालं की वाटेत पुणं, नाशिक, नागपूर सगळं भेटतं, आणि किराणा दुकानात कांदा-लसूण मसाल्याची पाकिटंसुद्धा मिळतात. त्यामुळे परदेशात आल्याचं दुःख काही होत नाही.

मी पोचले तेव्हा गणपती नुकते होऊन गेले होते. मंडळाचं मागाहूनचं स्नेहभोजन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. तिथे केतकीच्या ऑफिसातला एक तरुण मुलगा पाया पडायला आला. सचिन नाव. हसतमुख, दाढी व्यवस्थित कोरलेली.

“काकू, मी पण कदमच,” तो म्हणाला.

मला आनंद झाला. परमुलखात आपल्या आडनावाचं माणूस भेटलं की कुणालाही होतो. मी विचारलं, “अरे वा, कुठले कदम?”

“नागपूरचे.”

“नागपूरकडे कदम? मूळ गाव कुठलं तुमचं?”

तो हसला. “मूळ गाव चँडलर, काकू. अ‍ॅरिझोना. आत्ता समरमध्येच शिफ्ट झालो इकडे.”

टेबलावरचे सगळे हसले, मीही हसले. तो म्हणाला, तुम्ही बसा, मी ताट आणतो. ताट आलं, ते दुसऱ्याच एका मुलीने आणून दिलं. मसालेभात फर्मास होता. तेव्हा मला एवढंच लक्षात राहिलं.

दक्षिणेकडे

व्याह्यांच्या गावाजवळ दर ऑक्टोबरात स्कॉटिश लोकांचा मेळा भरतो. अमेरिकेत येऊन पिढ्यान् पिढ्या झालेली ही माणसं, पुरुषसुद्धा, त्या दिवशी चौकड्यांचे घागरे घालतात, ओंडके फेकतात आणि आपापल्या कुळाच्या तंबूत बसतात. मॅक्नीलांचा तंबू व्याहीबुवा सांभाळतात. शुक्रवारी आम्ही निघालो. मी पहाटे उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. केतकी म्हणाली, “आई, रस्त्यात सगळं मिळतं गं.” मिळतं खरं, पण अर्ध्या वाटेवर तिनेच डबा उघडला आणि इयनला गाडी चालवता चालवता घास भरवले.

व्हर्जिनिया संपलं तशी झाडं बदलली. पाइनची उंच सरळ झाडं, तांबडी-पांढरी वाळू, आणि मग एकदम दोन्ही बाजूंना कापूस. बोंडं फुटून शेतं पांढरीशुभ्र झालेली. मी इयनला गाडी थांबवायला लावली. माझी मावशी यवतमाळला असायची, तिच्या शेतात लहानपणी मी कापूस वेचलाय. बोटांना बोंडाची टोकं लागतात ती अजून आठवतात. पण तिथे शेतात एकही माणूस नव्हतं. दूरवर एक हिरवं यंत्र चाललं होतं. मी एक बोंड तोडून पर्समध्ये ठेवलं आणि केतकीला फोटो काढायला सांगितलं. इयन म्हणाला, “आई, लोक इथे कापसासोबत फोटो काढत नाहीत फारसे.” मी विचारलं का. त्याला नीट सांगता आलं नाही, की सांगावंसं वाटलं नाही, कोण जाणे.

व्याहीबुवा दारात उभे होते. उंच, वाळलेले, हृदयाचं दुखणं लपवायला मुद्दाम मोठ्याने बोलणारे. त्यांनी जेवायला पांढरी मक्याची पेज, कोबीच्या पानांसारखी जाड पालेभाजी आणि व्हिनेगर घातलेलं डुकराचं मटण केलं होतं. चहा गोड आणि गार, आमच्याकडे चहा असा झाला तर पाहुणा उठून जाईल. मॅगीबाईंचा फोटो टेबलावर होता आणि त्याच्यापुढे एक रिकामी खुर्ची तशीच ठेवलेली. आम्ही चौघं बाकीच्या खुर्च्यांवर बसलो.

जेवताना त्यांनी आडनावाची कथा सांगितली. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. नील नावाचा कुणी पराक्रमी पुरुष होऊन गेला, त्याची ही लेकरं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात बॅरा नावाचं बेट आहे, तिथे पाण्यातच यांचा किल्ला. म्हणे कुळप्रमुखाचं जेवण झालं की एक भालदार बुरुजावर चढून ओरडायचा: मॅक्नील जेवले, आता जगातल्या बाकीच्या राजांनी जेवायला हरकत नाही! मी म्हटलं, अशी माणसं आमच्या साताऱ्यातही आहेत, फक्त त्यांना किल्ला नाही. व्याहीबुवा खो खो हसले. मग म्हणाले, महाप्रलयाच्या वेळी नोहाने यांच्या पूर्वजाला आपल्या नौकेत बोलावलं, तर याने उलट निरोप धाडला की मॅक्नीलची स्वतःची होडी आहे. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला, की ते आजारी आहेत हे मी विसरले.

त्यानंतरचा भाग त्यांनी भराभर सांगितला. तिकडे जमिनी गेल्या, आर्चिबाल्ड मॅक्नील नावाचा त्यांचा पूर्वज जहाजाने इकडे आला, नदीकाठी जमीन मिळाली, जंगल तोडलं गेलं, घर उभं राहिलं, कापूस पिकू लागला. कुणी तोडलं, कुणी पिकवला, हे त्यात नव्हतं. जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईने ते विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात व्याहीबुवांनी ‘पाय’ नावाचा रताळ्याचा गोड पदार्थ पुढ्यात ठेवला आणि मी तो खात राहिले.

मग मी त्यांना देवकाचं सांगितलं. आमच्या कुळाचं एक झाड असतं, कदमांचा कळंब, त्याची डहाळी लग्नात पुजल्याशिवाय लग्न लागत नाही. ते ऐकून त्यांनी काटा खाली ठेवला. त्यांच्याकडेही प्रत्येक कुळाची एक वनस्पती असते, तिची डहाळी टोपीला खोचतात. इयनच्या लग्नात त्यांनी ती मुद्दाम मागवून कोटाला लावली होती. कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. आणि आम्ही अमेरिकेत कळंब कुठून आणायचा म्हणून भारतीय दुकानातली आंब्याची पानं देवक म्हणून पुजली होती. दोन कुळांच्या डहाळ्या एकाच हॉलमध्ये होत्या आणि त्यांची गाठ पडली नाही. मॅगीबाई असत्या तर त्यांना हे ऐकून काय वाटलं असतं, असं व्याहीबुवा दोनदा म्हणाले.

झोपायला जाताना केतकीने मला खरी गोष्ट सांगितली. या आर्चिबाल्डची कबर सापडत नव्हती. घर जळून गेलेलं, जमीन हातोहात विकली गेलेली. व्याह्यांनी जिल्ह्यातल्या गोऱ्यांच्या सगळ्या जुन्या दफनभूमी पालथ्या घातल्या होत्या. त्या कबरीशी एकदा उभं राहायचं, एवढं एकच त्यांना आयुष्यात उरलं होतं. आणि मॅगीबाईंना शब्द दिला होता, की आपण दोघं मिळून जाऊ.

तंबू

मेळा मोठ्या मैदानावर होता. बॅगपाइप ऐकून मला प्रथम वाटलं सनईला सर्दी झालीय, पण पन्नास-साठ जण एकदम वाजवायला लागले तेव्हा अंगावर काटा आला. म्हाताऱ्यांचे गुडघे मी एकाच दिवशी इतके कधी पाहिले नव्हते. हॅगिस नावाचा पदार्थ सगळे मला घाबरत घाबरत देत होते. खाल्ला तर ती आपली वजडीच, फक्त मीठ-मिरची विसरलेली. मी पुन्हा मागितल्यावर तंबूत माझी पत वाढली.

तंबूत येणाऱ्या प्रत्येकाला व्याहीबुवा हात पुढे करून एकच विचारत: “कुठले मॅक्नील? बॅराचे की गीयाचे?” गीया हे दुसरं बेट, तिथेही मॅक्नील होते, पण किल्ल्याचा मान बॅराचा. व्याहीबुवा अर्थात बॅराचे. घागऱ्याचा चौकडा प्रत्येक कुळाचा वेगळा असतो, त्यांचा तोही बॅराच्याच मॅक्नीलांचा. समोरचा माणूस उत्साहाने उत्तर द्यायचा, नाहीतर लाजून म्हणायचा की माहीत नाही, आणि मग गप्पा सुरू. मला हे फार घरचं वाटलं. आपल्याकडेही आडनाव कळल्यावर पुढचा प्रश्न हाच असतो.

दुपारी कुळांची मिरवणूक निघाली. व्याहीबुवा, इयन, केतकी सगळे निशाण घेऊन गेले. मी पाय दुखतात म्हणून तंबू राखायला बसले. तेवढ्यात एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, काळ्या, मोतिया रंगाचा सूट, डोक्यावर तशीच टोपी. तंबूच्या दाराशी थांबून त्यांनी आत नजर फिरवली. मी खुर्ची दिली, नानकटाईसारखी लागणारी बिस्किटं पुढे केली. त्यांचं नाव लोरेटा. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या. मी म्हटलं, मीही मास्तरीण. मग काय, दोन मास्तरणी भेटल्यावर आजकालच्या मुलांना काय येतं आणि काय येत नाही, हे सगळं झालं. उद्या त्यांच्या चर्चचा वार्षिक सोहळा होता, बाहेरगावी गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात आणि अंगणात पंगत बसते. मी म्हटलं, म्हणजे आमची जत्रा. चर्च कुठे, तर कापसाच्या जुन्या जिनिंग मिलच्या मागे.

मग त्या म्हणाल्या, “या तंबूचे जे प्रमुख आहेत, मिस्टर मॅक्नील, त्यांना भेटायचं होतं. मीही मॅक्नील आहे.”

मला उगाचच यजमानीण झाल्यासारखं वाटत होतं. दिवसभर ऐकलेलं वाक्य माझ्या तोंडून आलं. मी कौतुकाने विचारलं, “हो का? कुठले मॅक्नील?”

लोरेटाबाईंनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. माझ्या साडीकडे, मग तोंडाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. थोडं हसल्या.

“तुम्हीसुद्धा?” त्या म्हणाल्या.

मग उठल्या, पर्स घेतली, म्हणाल्या, “आम्ही इथलेच.” आणि मिरवणूक परत यायच्या आत गर्दीत निघून गेल्या.

संध्याकाळ

घरी परतल्यावर मी हे सगळं सांगितलं, सहज, दिवसभराच्या गमतीजमतीत एक म्हणून. व्याहीबुवा बूट काढत होते. म्हणाले, हो, त्या बाई दर वर्षी येतात. सभ्य आहेत. मी विचारलं, त्यांना काय हवं असतं? व्याहीबुवांनी जरा विचार केला. म्हणाले, “ते कधी बोलण्यात आलं नाही.”

केतकी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि मराठीत म्हणाली, “आई, तू त्यांना ‘कुठले’ विचारलंस?”

“त्यात काय झालं? व्याहीबुवा सगळ्यांनाच विचारत होते.”

“त्यांना आडनाव कुठून मिळालं असेल? गुलामीच्या काळात त्यांच्या पणजोबांचा जो मालक होता त्याचं ते, यार. त्यांनी काय सांगायचं, बॅरा की गीया?”

पर्समधलं कापसाचं बोंड मला आठवलं. केतकी तेवढ्यावर थांबली नाही.

“आणि सचिनला पण तू हेच विचारलंस. तो आता आमच्या टेबलवर लंचला बसत नाही, माहितीये तुला? मी दोनदा बोलावलं.”

“मी काय वाईट विचारलं गं? गावच विचारलं ना?”

“गाव कशासाठी विचारतात ते त्याला माहितीये, आई. तुला पण माहितीये.”

माहीत होतं. आमच्या गावात ओढ्याच्या अलीकडे कदम आहेत आणि पलीकडेही कदम आहेत. मतदार यादीत सगळे एकाखाली एक येतात, लग्नाच्या पत्रिकेत येत नाहीत. जात न विचारता जात काढून घ्यायची आपली ही रीत. ती इतकी गोड आवाजात पार पडते, की विचारणाऱ्याला आपण माया करतोय असंच वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं, दोन्ही वेळा. इयनने वडिलांना इंग्रजीत काहीतरी समजावलं. व्याहीबुवांनी दुसरा मोजा काढला. मग म्हणाले, सकाळी आपण त्या चर्चला जाऊ आणि माफी मागू. माझ्याच तंबूत माझाच प्रश्न ऐकून त्या उठून गेल्या, म्हणाले.

रविवार

सकाळी मेळ्यात प्रार्थना असते म्हणून व्याहीबुवांनी घागरा घातला होता, तोच घालून ते आले. जिनिंग मिल पडीक झालेली, तिच्यामागे कापूस, कापसामागे पांढरं लाकडी चर्च. अंगणात टेबलं मांडली होती, झाकलेली भांडी, तळलेल्या कोंबडीचा वास. इतके लोक, आणि आमच्यातला तो एक घागऱ्यातला उंच म्हातारा. लहान मुलं बघायला लागली. लोरेटाबाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. आम्हाला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण त्यांनी ते दिसू दिलं नाही.

मी आधी बोलले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, काल मी चुकले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुम्ही पाहुण्या आहात. पण मग त्यांनी व्याहीबुवांकडे पाहिलं आणि त्यांना काही म्हणाल्या नाहीत. व्याहीबुवांनी टोपी काढली. “मॅडम, तुम्हाला मला काय सांगायचं होतं?”

“या,” त्या म्हणाल्या.

चर्चच्या मागे गवत नीट कापलेलं होतं. ओकच्या एका मोठ्या झाडाखाली गंजलेल्या लोखंडी कठड्याच्या आत चार-पाच जुने दगड. लोरेटाबाईंनी एका दगडाकडे बोट दाखवलं. व्याहीबुवा कठड्याला धरून वाकले, चष्मा वर केला, खाली केला. इयनने मोठ्याने वाचलं. आर्चिबाल्ड मॅक्नील. आणि त्याखाली, अक्षरं शेवाळलेली पण वाचता येत होती: जन्म आर्गाइल परगणा, गीया बेट.

बॅरा नव्हे. किल्ला, भालदार, स्वतःची होडी, अंगावरचा चौकडा, सगळं दुसऱ्याच मॅक्नीलांचं. पण व्याहीबुवांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते दगडावरून हात फिरवत होते. मग त्यांचं लक्ष गवताकडे गेलं. त्यांनी विचारलं, हे कोण राखतं?

“आम्ही. माझे आजोबा कापायचे, मग वडील, आता माझे भाचे.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“दगडावर आमचंच नाव आहे ना,” लोरेटाबाई म्हणाल्या.

कठड्याच्या बाहेर, ओकच्या मुळांपासून कापसापर्यंत, नदीतले साधे गोटे ओळीने रोवलेले होते. त्यांच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मी मघाशी त्यांच्यातूनच चालत आले होते. त्या म्हणाल्या, गुलामी संपल्यावर लोकांनी पै पै जमवून ही जागा घेतली, कारण त्यांची माणसं इथे पुरलेली होती. आतले दगडही मग त्यांच्याकडेच राहिले. कोण कुठे आहे हे तोंडी चालत आलंय. त्यांच्या आजीच्या आजीला तर स्कॉटलंडची जुनी भाषासुद्धा येत होती, मालकाच्या घरात तीच बोलायचे. ती भाषा आमच्या व्याह्यांना येत नाही, इयनला येत नाही, काल तंबूत आलेल्या कुणाला येत असेल असंही मला वाटत नाही.

“मॅडम, तुम्ही हे मला आधी का नाही सांगितलंत?” व्याहीबुवांनी विचारलं.

“तीन वर्षं येतेय मी सांगायला. कुणीतरी म्हणालं, मेळ्यातले एक मॅक्नील कबर शोधतायत. पहिल्या वर्षी तुमच्या पत्नी होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, लिंबू सरबत दिलं. मी बसणारच होते. मग तुम्ही आलात, हात पुढे केलात आणि विचारलंत, कुठले मॅक्नील.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? तुमचेच, असं म्हणायचं होतं. पण तुम्ही मागच्या माणसाशी बोलायला लागला होतात.”

व्याहीबुवांना हे काही आठवत नव्हतं. हीच गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त लागली असावी. त्यांनी कठड्याला पाठ लावली. “मॅगी होती तेव्हा,” ते म्हणाले. “मॅगी तिथेच होती.” इयन त्यांना धरायला गेला, त्यांनी हाताने नको म्हटलं. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाने जिल्हाभर दगड वाचत दिवस काढले होते, आणि उत्तर त्याच्याच तंबूत, त्याच्याच बायकोने दिलेल्या खुर्चीशी येऊन उभं राहिलं होतं.

आत गाणं सुरू झालं. लोरेटाबाई म्हणाल्या, मला जायला हवं. व्याहीबुवांनी बाहेरच्या गोट्यांकडे पाहून विचारलं, “यांची नावं सांगाल मला?”

“आज नको,” त्या म्हणाल्या. त्यात तिरस्कार नव्हता, पण घाईही नव्हती. “आज तुम्ही तुमच्या माणसापाशी थांबा.” दोन पावलं जाऊन त्या वळल्या आणि मला विचारलं, “मिसेस कदम, तुमच्या नावाचे खूप लोक आहेत का तिकडे?”

केतकी माझ्याकडे बघत होती. ओढा सांगता आला असता. सगळं सांगता आलं असतं, त्या बाईंना ते माझ्यापेक्षा चांगलं कळलं असतं. मी म्हटलं, “हो, खूप आहेत.” त्यांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

घरी आल्यावर व्याहीबुवांनी घागऱ्याची नीट घडी केली आणि तो मॅगीबाईंच्या खुर्चीवर ठेवला.

पुन्हा अ‍ॅशबर्न

निघायच्या आधीच्या आठवड्यात मी केतकीकडून सचिनचा नंबर घेतला. ती म्हणाली, काय बोलणार आहेस? मी म्हटलं, ते माझं मी बघते. चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभं राहायला मी कधी घाबरले नाही, पण फोन हातात घेऊन तिच्या बाल्कनीत बराच वेळ फेऱ्या मारल्या. मनातल्या मनात वाक्य जुळवलं होतं. त्यात ओढा होता, लोरेटाबाई होत्या, आणि शेवटी चुकले हा शब्द होता.

त्याने लगेच फोन उचलला. “बोला काकू.” आवाज तसाच, हसतमुख. मी तब्येत विचारली, काम विचारलं, थंडी किती वाढलीय ते सांगितलं. म्हटलं, रविवारी जेवायला ये, मटणाचा रस्सा करते. तो म्हणाला, “बघतो काकू.” आपल्याकडे ‘बघतो’चा अर्थ काय होतो, हे मला कुणी शिकवायला नको.

मग अगदी आदराने त्याने विचारलं, “काकू, काही काम होतं का?”

“नाही रे,” मी म्हटलं. “सहजच केला.”

“बरं काकू,” तो म्हणाला. “नीट जा गावाला.”

रविवारी मी रस्सा केला. चार ताटं मांडली. केतकीने चौथं बघितलं, आणि जेवणं झाल्यावर तिनेच ते उचलून परत कपाटात ठेवलं.